पवन बसणार, शंभर टक्के

तलवाड्यात माझी पिठाची गिरणी आहे. माणूस काय खातो हे ज्याला कळतं त्याला तो पुढे काय करणार हेही कळतं, असं माझं मत आहे. ज्योतिषाला पत्रिका लागते, डॉक्टरला रिपोर्ट लागतो. मला दळणाचा डबा पुरतो.

आमच्या तालुक्यात दर हिवाळ्यात कबड्डीची लीग होते. आठ गावांचे आठ संघ, त्यांतले पहिले चार सेमीला जातात. तीन वर्षांपूर्वी या लीगवर आम्ही 'सात गडी' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, आणि मोबाइलवरचे पैशाचे खेळ बंद झाले तशी त्यात गर्दी वाढली. नियम सोपा आहे. सामना सुरू व्हायच्या आधी दोन्ही संघांतून मिळून आपले सात खेळाडू लिहायचे, त्यातला एक कप्तान. खेळाडूनं मैदानात जितके गुण घेतले तितके तुमचे, कप्तानाचे दुप्पट. बाकावर बसला तर शून्य. पैशाचं नाव नाही. फायनलच्या दिवशी जो पहिला येईल त्याला फेटा, आणि स्टेजवर आमच्या संघाचे मालक अभिमन्यूदादा यांच्या शेजारची खुर्ची. अभिमन्यूदादा पंचायत समितीला दोनदा उभे राहिले आणि दोनदा पडले, पण खुर्ची ती खुर्ची.

आता यातली खरी मेख सांगतो. ज्या संघाची सेमी पक्की झाली, तो शेवटच्या साखळी सामन्यात चांगले गडी खेळवत नाही. सेमीआधी पाय मोडला तर काय घ्या, म्हणून त्यांना बसवतो. मग ग्रुपवरचा सगळा खेळ एकाच प्रश्नावर येतो, कोण बसणार? पेपर वाचणारे, मोबाइल चोळणारे, खेळाडूंना चहा पाजणारे सगळे इथे आपटतात. मी कधी आपटलो नाही.

पहिल्या वर्षी उमापूरच्या एका घरातून बुधवारी चाळीस किलो गहू आला. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण चाळीस किलो गहू पाहुण्याला लागत नाही, लग्नाला लागतो. त्या घरचा थोरला त्यांचा कॉर्नर खेळायचा. मी ग्रुपवर लिहिलं, तो शनिवारी नसणार. शनिवारी तो हळद लावून पाटावर बसला होता. दुसऱ्या वर्षी चढाईवाल्या धोंडीरामच्या आईनं राजगिरा आणि भगर दळून नेली, तीही नऊ दिवस पुरेल एवढी. पोरगं पौषातल्या नवरात्राचा कडक उपास धरणार आणि उपाशीपोटी चढाई करणार नाही, हे सांगायला काय विद्वान लागतो? पण ग्रुपमधले साठ जण माझ्याकडे असे बघायला लागले की मी देव्हाऱ्यातून बोलतोय. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं. बायको म्हणायची, घरात तुमचं कोणी ऐकत नाही म्हणून गावाला ऐकवता. तेही खरं असेल.

नाव झालं की हेवेदावे आलेच. ग्रुपवर जो तो 'पक्कं', 'लिहून घ्या', 'आपला शब्द' असलं काहीबाही लिहायला लागला. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणून गेल्या वर्षी ठराव झाला. अंदाज कोणीही सांगावा, पण ज्यानं 'शंभर टक्के' असं लिहिलं आणि तो चुकला, त्याला फायनलच्या दिवशी गाढवावर बसवून मैदानाला फेरी. आमच्या जिल्ह्यात होळीला जावयाला गाढवावर बसवायची हौस आहेच, तीच इथे आणली. ठराव मीच मांडला होता, हेही सांगून टाकतो.

त्याच वर्षी सलूनवाला गहिनीनाथ चुकला आणि बसला. गळ्यात चपलांची माळ, डोक्याला फाटकं सूप. लोकांनी व्हिडिओ काढले, ते त्याच्या लेकीच्या सासरी पोचले. व्याह्यानं फोन करून विचारलं, तुमच्याकडे सासऱ्याला बसवतात का? अजून गहिनीनाथ रस्त्यानं निघाला की मागून कोणीतरी गाढवासारखं ओरडतं. तो वळून बघत नाही. हसलो मीही होतो, पोट धरून. पण त्या दिवशी घरी आल्यावर ठरवलं, आपण ते दोन शब्द कधी लिहायचे नाहीत.

आणि लिहिले.

यंदा आमच्या तलवाड्याचा संघ जोरात होता. सहातले सहा सामने जिंकून सेमी पक्की. त्यात पवनचा हात मोठा. पवन म्हणजे वनमालाचा मुलगा. वनमाला आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. तिचा नवरा पुण्याला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहे, दिवाळीला चार दिवस येतो. माझ्या सख्ख्या बहिणी दोन, दोघी लांब. पंधरा वर्षं भाऊबीजेला मला ओवाळते ती वनमालाच. पवन मला मामा म्हणतो.

पोरगं चढाईला गेलं की समोरचे सात जण मागच्या रेषेला चिकटतात, असा खेळ. शेवटचा साखळी सामना रविवारी उमापूरला होता आणि त्याला जिल्ह्याची निवड करणारे सर येणार होते. वीस वर्षांखालच्या संघासाठी एक चढाईवाला हवा होता. मार्चमध्ये पवनला वीस पूर्ण होणार होती. म्हणजे हा रविवार गेला की गेला. जिल्ह्यातून राज्याला, राज्याचं सर्टिफिकेट मिळालं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागा, एवढा साधा रस्ता त्यानं आठवीपासून डोळ्यापुढे ठेवला होता. बाप गेटवर उभा राहतो, मला उभं राहायचं न्हाई, असं तो गिरणीवर बसून मला कितीदा म्हणाला होता. संघाचे प्रशिक्षक संजय सर शाळेत पीटी शिकवतात. त्यांनी त्याला शब्द दिला होता की सेमी पक्की असली तरी रविवारी तू खेळशील.

त्या रविवारच्या आधीचा गुरुवार. दुपारी वनमाला आली. हातात दोन किलो गहू, एक किलो खारीक आणि एका फडक्यात पाव किलो मेथ्या.

"गहू रवाळ काढा दादा," ती म्हणाली. "आन् हे त्या बारक्या चक्कीवर."

"मेथ्या शेवटी. न्हाईतर पुढच्याचं पीठ कडू होतं. लाडू का? कुणाला?"

"हाय एकाचं," असं म्हणून ती डब्याचं झाकण उगाच घासत बसली.

वनमाला बोलकी बाई. मिरची दळायला आली तर मिरची कुठल्या बाजारातून आणली इथून सुरुवात करते. आज तोंड मिटलेलं. माझं डोकं चक्कीच्या आधी सुरू झालं. मेथी-खारकेचा लाडू तीनच माणसं खातात. म्हातारं, बाळंतीण, नाहीतर सांधा धरलेलं. हिच्या घरी म्हातारं कोणी नाही. पौर्णिमा ही थोरली लेक, लग्नाला पाच वर्षं झाली आणि मूलबाळ नाही, त्यावर वनमाला कोणाला बोलू देत नाही. राहिलं कोण? मागच्या सामन्यात पवन पडला होता, उठताना त्यानं गुडघ्याला हात लावला होता. दोन आणि दोन चार.

संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, "रविवारी पवन बसणार. गुडघा."

तेवढंच राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण खाली आदिनाथनं लिहिलं. आदिनाथचं खतांचं दुकान आहे, माझ्यापेक्षा अकरा गुणांनी मागे होता आणि मला पाण्यात पाहायचा. त्यानं लिहिलं, "नाना, पीठ जरा चाळून घ्या. निवडवाले येणार आन् पवन बसणार? माझा कप्तान पवनच. तुमची खात्री असंल तर टाका ना टक्के." खाली हसणारी तोंडं पडायला लागली. पंचवीस, तीस. मी अंगठ्यानं लिहिलं, "शंभर टक्के."

हात दाखवून अवलक्षण. पण त्या क्षणी मला असं वाटलं की काय शोभतंय लिहिलेलं.

शुक्रवारी सकाळी पवन गिरणीवर आला. आठ-दहा बायका-माणसं होती, आदिनाथही मुद्दाम आला होता.

"मामा, माझ्या गुडघ्याला काय झालंय?" पवन म्हणाला. "मला तर कोणी सांगितलं न्हाई."

लोक हसले. त्यानं कोपऱ्यातलं पन्नास किलोचं पोतं खांद्यावर घेतलं आणि बैठका सुरू केल्या. वीस मारल्या, तीस मारल्या. घाम आला, पण चेहरा हलला नाही.

"आता बोला," तो म्हणाला.

एक म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "दुखत नसतं तर एवढं दाखवायला आला असता का बे?"

हे मला सुचलं नव्हतं, पण मी मान डोलावली. मग मी विचारलं, "मग पवन, मेथ्याचे लाडू कुणासाठी रे?"

"ते माझ्यासाठी न्हाईत."

"बरं. मग कुणासाठी?"

पवननं तोंड उघडलं. आणि मिटलं. पोतं खाली ठेवलं, हात झटकले, माझ्याकडे बघितलं.

"ते मला सांगता येत न्हाई मामा," तो हळूच म्हणाला.

संपलं. आदिनाथचाही चेहरा पडला. पवन गेल्यावर म्हातारा म्हणाला, बघा, पोराचा जीव गेला खोटं बोलता बोलता. संध्याकाळपर्यंत ग्रुपमधल्या जवळजवळ सगळ्यांनी पवनला आपल्या सातांतून काढलं. अभिमन्यूदादांनी संजय सरांना फोन केला की मला ट्रॉफी पाहिजे, निवडफिवड नंतर बघू, गुडघा जपा. संजय सर माझ्याकडे आले. सरळ माणूस आहे. म्हणाले, "नाना, मी पोराला शब्द दिलाय. पोरगं न्हाई म्हणतंय, पर निवडीसाठी कुणीबी न्हाईच म्हणंल. त्याच्या मायनं एकदा सांगितलं की कायबी न्हाई, तर मी दादांचंबी ऐकणार न्हाई. खेळवतो."

आणि शनिवारी चार वाजता, गिरणीत कोणी नसताना, वनमाला आली.

"दादा, एक सांगायचंय. पर कुणाच्या कानावर जाऊ देऊ नका."

"बोल की."

"पौर्णिमाला दिवस गेलेत. नववा सरत आलाय. सोमवारी बीडला ऑपरेशन ठरलंय." ती इकडेतिकडे बघत होती. "दोन डाव गेलं तिचं. दोन्ही डाव मी गावभर पेढे वाटल्यासारखं सांगत फिरलते. म्हणून औंदा आमी तोंड शिवलंय. तिकडं बीडला सासरी घराबाहेर सुदिक काढलं न्हाई तिला. बाळंतपणाच्या आधी लाडूचं दळण करू न्हाई म्हणत्यात, नाट लागतो. पर सोमवारपासून मी दवाखान्यात. मग करणार कवा? म्हणून गुपचूप आणलंतं."

मी खुर्चीवर बसलो.

"पवनला म्या बहिणीची आण घातलीय, म्हणून ते बोलत न्हाई. कालपासून जेवलं न्हाई ते. दादा, तुमी संजय सरला एवढंच सांगा, मायनं सांगितलंय, पोराच्या गुडघ्याला कायबी झालं न्हाई, खेळू द्या. लाडू कुणाचे ते सांगू नका."

"तूच कावून जात न्हाईस?"

"मी गेले तर चार माणसांत विचारत्याल, मग लाडू कुणाचे? मला खोटं बोलता येत न्हाई. तुमच्या शब्दाला मान हाय. तुमी म्हणलं की झालं."

माझ्या शब्दाला मान आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ओझं वाटलं.

"सांगतो," मी म्हटलं.

गिरणी बंद करून मोटारसायकल काढली. निघालो तेव्हा खरंच सांगणार होतो. यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण चौकापर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. चौकात आदिनाथचं दुकान. दुकानापुढच्या खांबाला त्यानं गाढव बांधलं होतं. फायनल आठ दिवसांवर होती, पण यानं कुंभाराकडून आगाऊ आणून ठेवलं होतं. पुढ्यात कडबा टाकलेला, पाठीवर जुनी गोणी.

"या नाना!" तो ओरडला. "अंदाज घ्या, उंची जमती का. लई गरीब जनावर हाय, पाडायचं न्हाई तुमाला."

दुकानातले सगळे हसले. समोरच्या सलूनच्या दारात गहिनीनाथ उभा होता. तो हसला नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात मला ओळख दिसली. जणू तो जागा करून देत होता.

शाळेच्या मैदानावर संजय सर पोरांकडून पळवून घेत होते. मला बघून शिट्टी वाजवली आणि जवळ आले.

"त्याची माय भेटली का? काय म्हणती?"

"आली होती," मी म्हटलं. "रडत होती."

"रडत?"

"गुडघा रात्री सुजतो म्हणाली. पोरगं ऐकत न्हाई, तुमीच सरला सांगा, बसवा म्हणावं. पर माझं नाव त्याला कळू देऊ नका म्हणाली."

शेवटचं वाक्य मी हुशारीनं जोडलं होतं. सरांनी पोरांकडे बघितलं. पवन सगळ्यांच्या पुढे पळत होता.

"मायच म्हणती म्हणल्यावर काय," ते म्हणाले.

लाज वाटली का? वाटली. परत येताना मी आदिनाथच्या दुकानापुढून न येता शेतातल्या पाणंदीनं आलो. पण घरी आलो तेव्हा भूक लागली होती आणि मी दोन भाकरी खाल्ल्या.

रविवारी उमापूरला गर्दी होती. आमच्या संघानं सात गडी उतरवले, त्यांत पवन नव्हता. तो ट्रॅकसूट घालून बाकावर, हात मांड्यांखाली दाबून बसला होता. टेबलाशी निवडीचे सर वही उघडून बसले होते. पहिल्या पाच मिनिटांनी त्यांनी संजय सरांना बोलावून विचारलं, तो चढाईवाला कुठाय? संजय सर म्हणाले, गुडघा. निवडीच्या सरांनी वहीत एक रेघ मारली. मी मागेच उभा होतो, मला ती रेघ दिसली.

मध्यंतरात पवन उठून थेट टेबलाशी गेला.

"सर, मी फिट हाय. एकच चढाई बघा."

"बाळ, सगळे असंच म्हणतात," सर म्हणाले, वाईट नाही, चांगल्या आवाजात म्हणाले. "गुडघा सांभाळ. पुढच्या वर्षी ये."

"पुढच्या वर्षी वयात बसत न्हाई सर."

सरांनी मान हलवली आणि चहाचा कप उचलला. संध्याकाळी उमापूरच्या एका पोराचं नाव जाहीर झालं. बरं होतं पोरगं, पवनच्या निम्म्यालाही नाही. ग्रुपवर माझ्या नावानं हारांचा पाऊस पडला. आदिनाथनं गाढव कुंभाराला परत केलं.

परतीच्या टेम्पोत पवननं संजय सरांना विचारलं, तुम्ही शब्द का मोडला? सर कालपासून मनात घेऊन फिरत होते, त्यांना राहवलं नाही. त्यांनी सांगितलं, तुझ्या आईनंच नानांच्या हाती निरोप धाडला.

सोमवारी पौर्णिमाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. वनमाला दवाखान्यात होती, तिला गावातलं काही माहीत नव्हतं. बुधवारी सेमीत पवन उतरला आणि त्यानं एकट्यानं एकवीस गुण घेतले. तसा खेळ मी कधी पाहिला नव्हता. चढाईला जायचा, समोरच्याच्या अंगावरून ओढत यायचा, आणि एकदाही सोबत्यांची टाळी घेतली नाही. माइकवरचा माणूस ओरडत होता, विश्रांतीचा फायदा, बघा विश्रांतीचा फायदा! लोक माझी पाठ थोपटत होते. नाना, तुमच्यामुळे पोराचा गुडघा वाचला.

शुक्रवारी वनमाला बीडहून आली आणि घरी जायच्या आधी गिरणीवर आली. हातात पिशवी तशीच होती. पवननं तिला फोनवर विचारलं होतं.

मला वाटलं ओरडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण ती ओरडली नाही.

"तुमी असं कावून केलं ते मी विचारत न्हाई," ती म्हणाली. "गेलं ते गेलं. पर ते माझ्याशी बोलत न्हाई दादा. मी सांगितलं, मी असं म्हणलेच न्हाई. तर म्हणतं, मग मामा खोटं बोलत्यात का? मामा खोटं बोलतील ह्यावर त्याचा विश्वास बसत न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्याला एकदा सांगा. त्याला एकट्याला. गावात न्हाई कळलं तरी चालंल."

त्याला एकट्याला. पण तरणं पोर, पोटात राहील का त्याच्या? आदिनाथच्या कानावर गेलं की संपलं, आणि फायनलला दोनच दिवस होते. अंदाज खरा ठरवून घेतला असं निघालं तर गाढवावरही भागणार नव्हतं.

"सांगतो," मी म्हटलं.

फायनल आम्ही जिंकलो. मी ग्रुपमध्ये पहिला आलो. स्टेजवर अभिमन्यूदादांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो, आणि दादांना भरल्या माइकवर हौस सुचली. म्हणाले, ज्यांनी आपल्या वाघाचा गुडघा वाचवला, त्या सर्जेराव नानांना फेटा वाघानंच बांधावा.

पवन वर आला. त्याच्या हातात गुलाबी फेटा दिला. तो माझ्यामागे उभा राहून एकेक वेढा घालायला लागला. फेटा बांधताना माणसाचं तोंड कानाशी येतं. खाली टाळ्या चालू होत्या.

"मामा," तो कानाशी म्हणाला, "एक विचारू? तुमी खोटं बोलणार न्हाईत."

"विचार की."

"मायनं असं कावून केलं?"

फेट्याचा पीळ कपाळावर बसत होता. समोर पहिल्या रांगेत आदिनाथ मोबाइल धरून उभा होता, सगळं टिपत होता. बायकांच्या बाजूला वनमाला उभी होती. तिला ऐकू येत नव्हतं, पण तिनं बघितलं की पोरगं माझ्या कानाशी लागलंय, आणि तिचा चेहरा उजळला. मी आता सांगतोय, असं तिला वाटलं.

"आईचं काळीज असतं रे," मी म्हटलं. "पोराला इजा होईल म्हणून भ्याली. तू मनात धरू नको."

पवननं शेवटचा वेढा घातला, शेमला सोडला आणि माझ्या पाया पडला. टाळ्या वाढल्या. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. खाली उतरून तो आईच्या शेजारून निघून गेला. ती दोन पावलं त्याच्या मागे गेली, मग थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पवन पुण्याला गेला. भाचीला बघायलाही बीडला उतरला नाही. बापानं शब्द टाकला होता, त्याच कंपनीच्या दुसऱ्या गेटवर जागा होती. आता बाप-लेक पाळी बदलताना भेटतात, असं गल्लीत कळलं. खाकी घालायची होती, निळा शर्ट मिळाला. आईला फोन करत नाही. पैसे बापाच्या हातून येतात.

मला हे सगळं कोणी सांगायची गरज नव्हती. वनमाला पूर्वी आठ दिवसांना सात किलो ज्वारी आणायची. आता तीन किलो येते. एका माणसाच्या भाकरीचं दळण. डबा तोच मोठा आहे, तळाला थोडंसं धान्य असतं आणि उचलला की आत सरकतं.

परवा आली. मी डबा काट्यावर ठेवला, तीन किलोला शंभर ग्रॅम कमी. तिनं पदराखालून एक कागदी पुडी काढली आणि काउंटरवर ठेवली. मेथीचा लाडू होता, उन्हाळा आला तरी तिनं ठेवलेला.

"पौर्णिमाला करून दिले त्यातला शेवटचा," ती म्हणाली. "पवनला ठेवलता. ते येत न्हाई. तुमी खा."

मी पुडी घेतली. चक्की सुरू केली. ती बाकावर बसून पीठ पडताना बघत राहिली. मग चक्कीच्या आवाजात मोठ्यानं तिनं विचारलं, दर आठवड्याला विचारते तसंच, न रागावता, न रडता.

"दादा, सांगितलं का त्याला?"

"सांगतो," मी म्हटलं. "शंभर टक्के."